आपल्यातलंच कुणीतरी



गणपतीच्या कार्यक्रमाची वेळ बदलली, हे ई-मेलने कळवलं तरी निम्मे लोक जुन्याच वेळेला हजर होतात. पण एखाद्या ठरावीक काकूंनी चार घरी फोन केला की सगळ्यांना बरोब्बर कळतं. अशी दोन-तीन माणसं प्रत्येक मंडळात असतात. ती कमिटीवर असतीलच असं नाही, पण त्यांच्या शब्दाला वजन असतं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत ती नेटवर्कमधली 'हब'. यंदा आपण निधी जमवतोय तो एचआयव्ही प्रतिबंधासाठी, आणि त्या कामाचा कणा म्हणजे अशीच माणसं. त्यांना 'पिअर लीडर' म्हणतात.

ही कल्पना पद्धतशीरपणे तपासली गेली ती अमेरिकेत. मानसशास्त्रज्ञ जेफ्री केली यांनी दक्षिणेकडच्या लहान शहरांतल्या गे बारमध्ये केलेला प्रयोग १९९१ साली प्रसिद्ध झाला. 'इथे सगळ्यांना आवडणारी माणसं कोण?' असं त्यांनी बारटेंडरनाच विचारलं. ज्यांची नावं पुन्हा पुन्हा आली त्यांना प्रशिक्षण दिलं. काम एकच : आपल्या मित्रांशी गप्पांच्या ओघात सुरक्षित संबंधांविषयी बोलायचं, आणि 'मी स्वतः असं करतो' हे सांगायचं. त्या शहरात असुरक्षित संबंध ठेवणाऱ्यांचं प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटलं.

भारतातलं मोठं उदाहरण कोलकात्याच्या सोनागाछीचं. १९९२ साली डॉ. स्मरजित जाना यांनी तिथे काम सुरू केलं, तेव्हा देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमधूनच शिक्षिका निवडल्या. बाहेरच्या डॉक्टरला दार उघडलं नसतं, तिथे शेजारणीला चहा मिळाला. सुरुवातीला तीन टक्क्यांच्या आसपास असलेला कंडोमचा वापर १९९८पर्यंत नव्वदच्या घरात गेला. १९९५मध्ये या स्त्रियांनी 'दुर्बार' ही स्वतःची संघटना उभी केली.

आपल्या महाराष्ट्रातही हे घडलं. सांगलीत मीना शेषू यांच्या 'संग्राम' संस्थेने १९९२पासून हीच वाट धरली. व्यवसायातल्या बायकांनीच कंडोम वाटले आणि मैत्रिणींना माहिती दिली. १९९६मध्ये त्यातून 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. एकटी बाई गिऱ्हाइकाला 'कंडोमशिवाय नाही' म्हणाली, तर तो शेजारच्या दारात जातो. गल्लीतल्या सगळ्याच जणी तसं म्हणाल्या, तर त्याला जायला जागाच उरत नाही. नुसती माहिती आणि एकजूट यांतला फरक हा असा.

हे चालतं कशामुळे? बातमी एकदा ऐकली की पुरते, सवय मात्र तशी बदलत नाही. विश्वासातल्या दोन-चार जणांकडून तेच पुन्हा पुन्हा ऐकलं, त्यांना तसं वागताना पाहिलं, की 'आपल्यात असंच करतात' हे मनात रुजतं. पण ज्या वायरीवरून माहिती जाते, त्याच वायरीवरून बदनामीही जाते. म्हणून पिअर लीडरने ऐकलेलं पोटात ठेवायला हवं. एकदा नाव फुटलं की पुढचा माणूस तोंड उघडत नाही.

ही जादूची कांडी नाही, हेही सांगायला हवं. भारतासह पाच देशांत झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१०मध्ये आले. जिथे पिअर लीडर होते आणि जिथे नव्हते, त्यांत लक्षणीय फरक दिसला नाही. दोन्हीकडे धोका कमी झाला होता, कारण तपासणी, समुपदेशन आणि उपचार दोन्हीकडे दिले होते. यावरून मला वाटतं ते असं, की नुसती माणसं नेमून भागत नाही. निवड वस्तीनेच करावी लागते, भेटीगाठी वर्षानुवर्षं चालू ठेवाव्या लागतात, आणि जोडीला दवाखाना लागतो.

आता पैशाचं. 'आम्ही औषधांसाठी देऊ, पगारासाठी कशाला?' असं अनेक देणगीदार विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण भारत सरकार २००४पासून एचआयव्हीची औषधं मोफत देतं. नियमित औषधांनी रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून तो दुसऱ्याला होत नाही, हेही आता सिद्ध झालंय. अडतं ते आधीच्या पायरीवर : भीती आणि लाज ओलांडून केंद्रापर्यंत पोचणं, आणि गोळ्या मध्येच न सोडणं. तिथे सोबत लागते. त्या सोबतीचं मानधन, बसभाडं, बैठकीची खोली, या गोष्टी फोटोत छान दिसत नाहीत, आणि म्हणूनच त्यांना पैसे मिळत नाहीत.

दिवसभर दुसऱ्यांसाठी हिंडणाऱ्या बाईची त्या दिवसाची कमाई बुडते. ती भरून देणं म्हणजे वरखर्च नव्हे, तेच खरं काम आहे. फूल ना फुलाची पाकळी देताना फॉर्मवर 'मानधनासाठी चालेल' एवढे दोन शब्द जरूर लिहा.