ऑइलची काडी आणि घरची भाकरी

आपल्या वस्त्यांमधून टॅक्सी, टुरिस्ट गाडी किंवा शाळेची व्हॅन चालवून संसार करणारी अनेक कुटुंबे आहेत. ज्यांचे वडील गिरणीत, रेल्वेत किंवा नगरपालिकेत कामाला होते, ती मुले आज कर्ज काढून गाडी घेतात. बँकेचा हप्ता, विमा, मुलांची फी, म्हाताऱ्या आईचे औषध, हे सारे त्या एका इंजिनावर चालते.

आम्ही कार्यालयात हिशेबाचे काम करतो आणि रविवारी वस्तीतील लोकांचे कर्जाचे अर्ज व कागदपत्रे भरून देतो. हप्ते का थकले याची कारणे लिहिताना आजारपण येते, अपघात येतो. पण 'इंजिन बसले' हे कारणही पुन्हा पुन्हा येते. खोलात विचारले की कळते, पुष्कळदा इंजिनात ऑइलच उरले नव्हते. म्हणून हा विषय केवळ मेकॅनिकचा नाही, घरातल्या सर्वांचा आहे, असे आम्हाला वाटते.

ऑइल काय करते?

इंजिनाच्या तळाशी चेंबर असते. त्यातले ऑइल पंप खेचून घेतो आणि क्रँक, बेअरिंग, पिस्टन यांच्याकडे दाबाने पाठवतो. धातूवर धातू घासू नये म्हणून मध्ये ऑइलचा पातळ थर राहतो. हेच ऑइल आतली उष्णता काढून नेते आणि कचरा धुऊन फिल्टरकडे आणते. चेंबरमधले ऑइल फार कमी झाले की पंप ऑइलऐवजी हवा ओढू लागतो. मग बेअरिंग झिजायला वेळ लागत नाही आणि इंजिन जाम होते.

लाल दिव्याची वाट पाहू नका

समोरच्या पाटीवर ऑइलच्या बुधलीचे चित्र असलेला लाल दिवा असतो. अनेकांचा समज असा की, ऑइल कमी झाले की हा दिवा सांगेलच. हा समज घातक आहे. तो दिवा ऑइल किती आहे हे सांगत नाही, ऑइलचा दाब पडला हे सांगतो. म्हणजे तो पेटतो तेव्हा धोका दारात नव्हे, घरात शिरलेला असतो.

आमच्या वस्तीतील एका तरुणाची गोष्ट सांगतो. महामार्गावर दिवा पेटला. गाडीत भाडे होते, त्याला विमानतळ गाठायचा होता. 'गॅरेज चार किलोमीटरवर आहे, तिथपर्यंत जाऊ' असा विचार त्याने केला. गॅरेज आले नाही. इंजिन खडखडले आणि वाटेतच थांबले. पुढे क्रँकसह सगळे काम निघाले, गाडी महिनाभर उभी राहिली, आणि बायकोच्या कानातले मोडून दोन हप्ते भरावे लागले. लिटरभर ऑइलला काही शे रुपये पडतात. त्या चार किलोमीटरांची किंमत हजारांत गेली.

चालू गाडीत हा दिवा पेटला तर एकच नियम आहे. गाडी कडेला घ्या आणि इंजिन ताबडतोब बंद करा. काडीवर ऑइल कमी दिसले तर भरा. भरूनही दिवा विझत नसेल, किंवा ऑइल पुरेसे असूनही दिवा पेटत असेल, तर इंजिन चालवू नका. गाडी ओढून न्या. भाडे गेले तरी चालेल.

काडी कशी पाहावी?

गाडी सपाट जागी उभी करा. चालवून आल्यावर इंजिन बंद करून पाच ते दहा मिनिटे थांबा, म्हणजे वर चढलेले ऑइल चेंबरमध्ये उतरते. काडी बाहेर काढा आणि स्वच्छ फडक्याने पुसा. पूर्ण आत घालून पुन्हा काढा. पहिल्यांदा काढलेली काडी खरे सांगत नाही. काडीवर दोन खुणा असतात, वरची जास्तीत जास्त आणि खालची कमीत कमी. ऑइल या दोहोंच्या मध्ये असले पाहिजे. काही नव्या गाड्यांत पाहण्याची रीत वेगळी असते, ती गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत पाहावी.

हे काम दोन मिनिटांचे आहे. त्याला ना ताकद लागते ना पाना. नवरा रात्रपाळी करून झोपला असेल तर घरातील ताईही हे पाहू शकते, दहावीतला मुलगाही पाहू शकतो. आठवड्यातून एकदा, आणि लांबच्या भाड्याला निघण्यापूर्वी, एवढे केले तरी पुरे.

कमी झाले तर

ऑइल हळूहळू टाकावे. बऱ्याच छोट्या गाड्यांत खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत साधारण लिटरभर ऑइल मावते. म्हणून पाव लिटर टाकावे, थोडे थांबावे, पुन्हा काडी पाहावी.

पण केवळ भरत राहणे हा उपाय नव्हे. ऑइल एक तर गळते, नाही तर जळते. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी डाग दिसला तर ड्रेन नटाचा वायसर, टॅपेट कव्हरचे पॅकिंग, ऑइल सील किंवा फिल्टर पाहायला सांगा. फिल्टर बदलताना जुन्याचे रबर इंजिनाला चिकटून राहिले आणि त्यावरच नवा फिल्टर बसवला, तर तिथून ऑइल जोरात गळते. पुठ्ठा कोरडा आहे आणि ऑइल तरी घटते, तर सायलेन्सरकडे पाहा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. सकाळी सुरू करताना थोडा वेळ धूर येत असेल तर बहुधा वाल्व्ह सील, आणि जोर लावताना येत असेल तर रिंग झिजल्याचा संशय घ्यावा. थोडेफार ऑइल प्रत्येक इंजिन खाते. पण खाण्याचे प्रमाण वाढत चालले तर ती सूचना समजावी.

वाढले तर?

ऑइल न टाकता काडीवर ते वाढलेले दिसले तर आनंद मानू नका. ऑइल दुधाळ, चहासारखे दिसत असेल तर त्यात पाणी, म्हणजे कूलंट, मिसळले असावे. हेड गॅस्केट गेल्यावर असे होते. अशी गाडी चालवू नये. ऑइलला डिझेल-पेट्रोलचा वास येत असेल तर इंधन मिसळून ते पातळ झाले आहे. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो. गाडी सतत लहान लहान फेऱ्या मारते, तेव्हा ही काजळी जाळण्याचे काम अर्धवट राहते आणि डिझेल चेंबरमध्ये उतरते. अशा वेळी ऑइल बदलूनच घ्यावे.

'थोडे जास्त असले तर बरेच' असे म्हणून वरच्या खुणेच्या पुढे भरणारे मेकॅनिकही असतात. हे चूक आहे. फिरता क्रँक ऑइलात बुडतो, ऑइल घुसळून फेस होतो, आणि फेसातून दाब मिळत नाही. सील फुटतात, धूर येतो. जास्तीचे ऑइल ड्रेन नटाने किंवा काडीच्या नळीतून ओढून काढता येते. सर्व्हिस झाल्यावर गॅरेजमधून निघण्यापूर्वी स्वतः काडी पाहावी. त्यात संकोच कसला? पैसे आपण देतो.

कोणते ऑइल?

पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचेच, उदाहरणार्थ ५डब्ल्यू-३०. सीलबंद डबा आपल्यासमोर फोडून घ्यावा, आणि रिकामा डबा कापून टाकावा, म्हणजे त्यात नकली माल भरला जाणार नाही. नुसत्या रंगावरून ऑइलची पारख करू नये. डिझेलमध्ये नवे ऑइलही लवकर काळे होते, तर सीएनजीत ते बरेच दिवस स्वच्छ दिसते. बदलण्याचा हिशेब किलोमीटर आणि महिने यांवर ठेवावा.

काढलेले ऑइल गटारात किंवा नाल्यात ओतू नये. कायद्याने तो घातक कचरा आहे, आणि नाला बहुधा आपल्याच वस्तीतून जातो. डब्यात भरून गॅरेजला द्यावे. गॅरेजात काम करणाऱ्या आपल्या मुलांना मुद्दाम सांगावे की, जुने ऑइल कातडीला फार काळ लागू देऊ नये, साबणाने हात धुवावेत.

एक वही ठेवा

शेवटी आमच्या पेशाची एक सूचना. दोन रेघा मारून वही करा. तारीख, किलोमीटर, काडीवरची पातळी आणि टाकलेले ऑइल एवढेच लिहा. तीन महिन्यांत इंजिन किती ऑइल खाते हे आकड्यांनी समोर येते. मग गॅरेजमध्ये 'इंजिन उतरवावे लागेल' असे कोणी म्हटले की मान हलवावी लागत नाही, वही पुढे करता येते. लिहिता-वाचता येणे आपल्याला फुकट मिळालेले नाही. ते पोटाच्या कामालाही लावले पाहिजे. या आठवड्यात घरातील एकाला तरी काडी पाहायला शिकवा.