बिघाडाच्या रात्रीचा लॉग कुठे गेला?

बॅकअप सॉफ्टवेअर रोज रात्री दोन गोष्टी मागे ठेवतं : डेटाची प्रत आणि ती प्रत कशी घेतली गेली याची नोंद. प्रतीची काळजी सगळेच घेतात. नोंदीची, म्हणजे लॉग फाइलची, आठवण होते ती डिस्क भरल्यावर, नाहीतर जुना डेटा परत आणताना काहीतरी सापडेनासं झाल्यावर. पहिल्या वेळी लॉग नको तेवढा असतो, दुसऱ्या वेळी हवा तो नसतो.

लॉगमध्ये असतं काय? काम किती वाजता सुरू झालं, किती फाइली वाचल्या, किती वगळल्या आणि शेवटचा शेरा. त्यातला ‘इशाऱ्यांसह पूर्ण’ हा शेरा सर्वांत फसवा. चार लाख फाइली नीट गेल्या आणि एकच राहिली, तरी तो येतो. राहिलेली ती एक फाइल हिशेबाच्या सॉफ्टवेअरची असू शकते, कारण संध्याकाळी कोणीतरी ते उघडं ठेवूनच घरी गेलेलं असतं. ती कोणत्या तारखेपासून वगळली जात होती, हे मार्चअखेरीस फक्त लॉगच सांगू शकतो.

पण लॉग वाढतच राहतो, म्हणून तो फिरवावा लागतो. लिनक्सवर हे काम सहसा ‘लॉगरोटेट’ करतं. चालू फाइलच्या नावापुढे १ लागतो, आधीच्या १ चा २ होतो, नवी कोरी फाइल सुरू होते आणि ठरलेल्या संख्येपलीकडची सर्वांत जुनी पुसली जाते. डेबियनच्या मूळ मांडणीत आठवड्याला एक फाइल आणि जुन्या चार, म्हणजे जेमतेम महिनाभराची नोंद राहते. विंडोजच्या मुख्य इव्हेंट लॉगना मुळात २० एमबीची मर्यादा असते. ती भरली की जुन्या नोंदींवर नव्या लिहिल्या जातात, सीसीटीव्हीच्या डीव्हीआरसारख्या.

गोम आहे ती आकाराच्या मर्यादेत. बॅकअप सुरळीत चालला की लॉग लहान असतो आणि बिघडला की फुगतो. समजा, रात्री दीड वाजता नेटवर्कवरची डिस्क तुटली. सॉफ्टवेअर प्रत्येक फाइलसाठी पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं आणि दर अपयशाची एक ओळ लिहितं. एरवी दिवसाला २ एमबी भरणारा लॉग त्या एका रात्रीत ६० एमबी होतो. सॉफ्टवेअरमध्ये ‘१० एमबीच्या पाच फाइली’ अशी मांडणी असेल, तर सकाळी पाचही फाइलींत ‘लिहिता आलं नाही’ एवढीच ओळ हजारो वेळा दिसते. डिस्क का तुटली हे सांगणारी पहिली ओळ त्या गर्दीत पुसली गेलेली असते आणि तिच्याबरोबर आधीच्या महिन्याच्या नोंदीही.

म्हणून मुख्य नियम दिवसांचा ठेवावा आणि आकाराची मर्यादा फक्त डिस्क वाचवण्यापुरती, भरपूर मोठी ठेवावी. लॉगरोटेटमध्ये ‘डेली’ आणि ‘रोटेट १८०’ लिहिलं, तर साधारण सहा महिन्यांची नोंद राहते. मात्र ‘रोटेट’पुढचा आकडा फाइलींचा असतो, दिवसांचा नव्हे. ‘मॅक्ससाइज’ या आकाराच्या मर्यादेमुळे एका दिवसात फाइल अनेकदा फिरली, तर १८० फाइली आठवड्यातही संपतील. जागेची धास्ती नको. रोज २० एमबी धरले, तरी १८० दिवसांचे ३.६ जीबी होतात आणि एकसारख्या ओळींचा मजकूर दाबला की त्याच्या लहानशा हिश्श्यात मावतो. ‘कॉम्प्रेस’सोबत ‘डिलेकॉम्प्रेस’ही लिहावं. बॅकअप मध्यरात्रीनंतरही चालू असतो आणि नाव बदललेल्या फाइलीत तो लिहीतच राहतो. ती लगेच दाबली, तर त्या कामाच्या शेवटच्या ओळी हातच्या जातात.

किती दिवस ठेवायचा? एखादी प्रत जितके दिवस ठेवता, निदान तितके दिवस तिचा लॉग. प्रत वर्षभराची आणि लॉग महिन्याचा, ही सर्रास दिसणारी विसंगती आहे. बॅकअप सॉफ्टवेअरची स्वतःची सूचीही असते, तिची मुदत पुन्हा वेगळी. बॅक्युलात मूळ मांडणीनुसार फाइलींची नोंद ६० दिवस आणि कामाची १८० दिवस राहते. हे सगळे आकडे एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहून पाहावेत. कायद्याचा आकडाही त्यात यावा : सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्या, डेटा सेंटर आणि सरकारी संस्थांना आपल्या संगणक यंत्रणांचे लॉग सलग १८० दिवस जपावे लागतात.

मुदत लांब हवी, कारण बिघाड झाल्याचं उशिरा कळतं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेत मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा कुठे कळलं की त्याचा रोजचा बॅकअप होतच नव्हता. बॅकअपचं साधन जुन्या आवृत्तीचं होतं, डेटाबेस नव्या आवृत्तीचा. आणि अपयशाची ई-मेल पलीकडचा सर्व्हर नाकारत होता. दुसऱ्या एका प्रतीवरून डेटा परत आला, तरी सुमारे सहा तासांच्या नोंदी कायमच्या गेल्या. सूचना पोचलीच नाही, तर पुढे मागोवा घ्यायला लॉगच उरतो.

तो लॉग बॅकअपच्याच सर्व्हरवर एकटा ठेवू नये. खंडणीखोर व्हायरस अनेकदा बॅकअपवरही घाव घालतात आणि त्यात लॉगही जातात. सिसलॉगने त्याची प्रत दुसऱ्या यंत्रावर पाठवता येते.

आपली मांडणी तपासायला फार वेळ लागत नाही. तुमच्याकडची सर्वांत जुनी प्रत काढा, तिची तारीख पाहा आणि त्या रात्रीचा लॉग शोधा. सापडला नाही, तर मुदत कमी पडते आहे. सापडला, तर शेवटचा शेरा वाचा आणि त्यात किती फाइली वगळल्या आहेत ते मोजा.