आंब्याचा हंगाम आणि फुरशाचा दंश

मे महिन्यातली गोष्ट. संध्याकाळी सातच्या सुमारास पन्नाशी ओलांडलेले एक बागायतदार आमच्या रुग्णालयात स्वतःच्या पायाने चालत आले. उजवा पाय सुजला होता आणि हिरड्यांतून रक्त येत होते. पहाटे साडेपाचला कलमाखाली पडलेले आंबे गोळा करताना पायाला काहीतरी चावले होते. मग दिवसभर काय केलेत, असे विचारले, तर म्हणाले, "डॉक्टर, वाशीची गाडी भरायची होती. त्रासही फार नव्हता. म्हटलं, पेट्या गेल्या की बघू."

कोकणातल्या पुष्कळ आंबाबागा घरच्या माणसांच्या जिवावर चालतात. हंगामात मुंबईचा मुलगा रजा टाकून येतो, सुटीला आलेली नातवंडे आंबे निवडायला बसतात, राखणीला आणि काढणीला नेपाळमधून आलेले कामगार असतात. वर्षभराची मिळकत या दोन-अडीच महिन्यांत हाती यायची असते. त्यामुळे कंबरदुखी असो की ताप, प्रत्येक दुखण्याला 'पाऊस पडल्यावर बघू' हेच उत्तर मिळते. काही दुखणी तेवढे थांबतातही. फुरसे थांबत नाही.

फुरसे हा हातभर लांबीचा, मातकट रंगाचा विषारी साप. जांभ्याच्या कातळावर, गडग्याच्या दगडांत, पालापाचोळ्यात तो सहज दिसत नाही. डिवचला की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासतो आणि करवतीसारखा खरखर आवाज येतो. त्याचे विष रक्त गोठवणारे घटक हळूहळू वापरून संपवते. मग हिरड्या, लघवी, जुनी जखम, कुठूनही रक्त येऊ लागते. क्वचित मेंदूतही रक्तस्राव होतो. खरा धोका असा, की पहिले काही तास माणूस ठीकठाक दिसतो. दंशाची जागा थोडी सुजते, दुखते, एवढेच. 'काही झालं नाही' असे ज्या वेळात वाटते, तीच उपचाराची सर्वांत चांगली वेळ असते.

रक्तावर परिणाम झाला आहे का, हे ओळखण्याची तपासणी अगदी साधी आहे. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडे रक्त घेऊन ती २० मिनिटे न हलवता ठेवायची. नंतर नळी तिरकी केल्यावर रक्त पाण्यासारखे वाहिले, तर प्रतिविष द्यावे लागते. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते आणि सरकारी रुग्णालयात ते मोफत मिळते. म्हणून साप मारून किंवा पकडून आणण्याची गरज नाही. त्या खटपटीत दुसऱ्या माणसाला दंश झाल्याचे आम्ही पाहिले आहे.

बागेतला दुसरा शत्रू म्हणजे लाल विंचू. त्याच्या दंशानंतर दरदरून घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, तर विष हृदयावर परिणाम करते आहे असे समजावे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीचा यावर केलेला उपयोग जगभर मान्य झाला. एके काळी दगावणारे अनेक रुग्ण त्यामुळे वाचू लागले. मात्र गोळी वेळेत मिळायला हवी. लहान मुलांच्या बाबतीत तर अजिबात वाट पाहू नये.

दंश झाल्यास

साप चावलेला हात किंवा पाय फळीचा आधार देऊन स्थिर ठेवा. अंगठी, जोडवी, पैंजण काढा. माणसाला चालवू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठा. दोरी आवळणे, जखम कापणे, चोखणे, बर्फ किंवा पाला लावणे टाळा. वेदनेसाठी मनाने अॅस्पिरिनसारख्या गोळ्या घेऊ नका, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

दंश होऊ नये म्हणून

पहाटे बागेत जाताना बॅटरी आणि घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट हवेतच. पडलेला आंबा थेट हाताने उचलू नका, आधी काठीने पाला बाजूला करा. गडग्याचे दगड, रिकामे क्रेट, आढीसाठी रचलेला पेंढा यांत हात घालण्यापूर्वी नीट पाहा. मांगरात झोपणाऱ्या कामगारांना खाट आणि मच्छरदाणी द्या. ते परमुलखातले असतात, त्यांना इथला दवाखाना ठाऊक नसतो. पहिल्याच दिवशी जवळचे रुग्णालय दाखवा आणि 'चावलं तर लगेच सांग, पगार कापणार नाही' एवढे स्पष्ट बोला. अनेकजण याच भीतीने गप्प बसतात.

त्या बागायतदारांच्या नळीतले रक्त २० मिनिटांनंतरही गोठले नव्हते. त्यांना प्रतिविष दिले, दर सहा तासांनी रक्त पुन्हा तपासले. दुसऱ्या दिवशी ते गोठू लागले. ऐन हंगामातले सहा दिवस मात्र त्यांना खाटेवर काढावे लागले. घरी जाताना त्यांनीच हिशेब मांडला, "पहाटेच आलो असतो, तर लवकर सुटलो असतो."

गाडी थोडी उशिरा भरली, तर भाव कमीजास्त होईल. पण बागेत दंश झाला, तर त्या दिवशीचे पहिले काम रुग्णालय गाठणे हेच.