बाराव्या लेण्यातला पाहुणा

अजिंठ्याची गर्दी पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या आणि सतराव्या लेण्यात रेंगाळते. चित्रे तिथे आहेत, तेव्हा ते साहजिकच. बाराव्या लेण्यात सहसा कोणी थांबत नाही. दर्शनी भिंत कोसळलेली, रंगाचा मागमूस नाही, मूर्ती नाही. एक चौकोनी दालन आणि त्याच्या तीन बाजूंना चार-चार अशा बारा खोल्या. दारांवर पिंपळपानी कमानी, वेदिकेची नक्षी. वाकून आत डोकावलात की दोन दगडी ओटे दिसतात, उशाची बाजू जरा उंच कोरलेली. फार तर चोवीस जणांच्या निजण्याची सोय. घनामदड नावाच्या व्यापाऱ्याने हे दान दिल्याचा ब्राह्मी लेख इथेच आहे.

विपश्यनेला जाऊन आलेली माणसे आता घरोघर भेटतात. शिबिर म्हणजे काय, तिथे कसे राहतात, पैसे का घेत नाहीत, असे प्रश्न त्यांना हटकून विचारले जातात. माझ्या मते या प्रश्नांची उत्तरे कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा या लेण्यात अधिक नेमकी सापडतात. आपल्या जिल्ह्यात ध्यानासाठी पाहुणा म्हणून राहण्याची रीत दोन हजार वर्षांची आहे.

पैठणहून, म्हणजे जुन्या प्रतिष्ठानहून, उत्तरेकडे जाणारा व्यापारी मार्ग घाट उतरून खानदेशात जाई. कन्नडजवळचे पितळखोरे आणि अजिंठा ही लेणी याच टापूतली. पितळखोऱ्याच्या लेखांत प्रतिष्ठानचा मितदेव भेटतो, तो गंधिक कुळातला, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापारातला. राजवैद्य मगिल याच्या कुटुंबीयांचीही नावे तिथे दानकर्ते म्हणून कोरलेली आहेत. ज्या वाटेने व्यापाऱ्यांचे तांडे जात, त्याच वाटेने भिक्खू चालत. पावसाळ्याचे तीन महिने एका जागी वर्षावास करायचा आणि उरलेल्या काळात चारिका करायची, हा संघाचा नियम. त्यामुळे वर्षातला बराच काळ भिक्खू कुठे ना कुठे पाहुणाच असे.

या पाहुण्याने वागावे कसे, हे विनयपिटकाच्या चुल्लवग्गात इतक्या बारकाईने सांगितले आहे की वाचताना तो माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. आवारात शिरण्याआधी त्याने पायातले काढावे, खाली धरून धूळ झटकावी. छत्री मिटावी, डोके उघडे करावे, घाई न करता आत यावे. आल्यावर पिण्याचे पाणी कोणते आणि वापरायचे कोणते ते विचारावे. पाय धुताना एका हाताने पाणी ओतावे, दुसऱ्याने धुवावे. एकाच हाताने दोन्ही कामे करू नयेत. आपल्या वाट्याला कोणती खोली आहे, ती रिकामी आहे की कोणी राहते, भिक्षेला कुठे जायचे आणि कुठे जायचे नाही, शौचाची जागा कोणती, आत येण्या-जाण्याच्या वेळा काय ठरल्या आहेत, हे सगळे विचारून घ्यावे. खोली रिकामी असली तरी आधी दार वाजवावे, क्षणभर थांबावे, मग उघडून बाहेरूनच आत पाहावे. खोली मळलेली असेल तर जमेल तशी झाडावी.

यजमानालाही सूट नाही. थोर भिक्खू येताना दिसला की आसन मांडायचे, पाय धुण्याचे पाणी ठेवायचे, पुढे होऊन त्याचे पात्र आणि चीवर हाती घ्यायचे. त्याची पादत्राणे पुसायची, आधी कोरड्या फडक्याने आणि मग ओल्याने.

या यादीत ध्यानाचा उल्लेखही नाही, पण ध्यानाची तयारी मला इथेच दिसते. एका हाताने पाणी ओतून दुसऱ्याने पाय धुणाऱ्याचे लक्ष दुसरीकडे जाऊच शकत नाही. अनोळखी दारापाशी क्षणभर थांबणारा माणूस आपली घाई बाहेर ठेवूनच आत येतो.

आजच्या शिबिरांचा इतिहास बहुतेकांना माहीत आहे. ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकलेले सत्यनारायण गोयंका 1969 मध्ये भारतात आले आणि त्याच वर्षी मुंबईत त्यांनी पहिले शिबिर घेतले. 1976 पासून इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र चालू झाले. आपल्या शहरात, छत्रपती संभाजीनगरात, सिडको-एमजीएम परिसरात ‘धम्म अजंठा’ आहे. दिनक्रम सगळीकडे सारखाच: पहाटे चारला घंटा, साडेचारला ध्यान, अकराला जेवण, संध्याकाळी प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे श्वासावर लक्ष, चौथ्या दिवसापासून विपश्यना, दहाव्या दिवशी मंगल मैत्री, म्हणजे सर्वांविषयी मैत्रीची भावना, आणि त्याच दिवशी सुरुवातीपासून पाळलेले आर्य मौन सुटते. संध्याकाळी पाचला नव्या साधकांना फळे, मुरमुरे, चहा मिळतो. जुन्यांना फक्त लिंबूपाणी, कारण दुपारनंतर न जेवण्याचे शील त्यांना पाळायचे असते.

राहण्या-जेवण्याचे शुल्क नाही. निदान एक शिबिर पूर्ण केलेल्याचेच दान घेतले जाते. याचा अर्थ असा की तुमच्या ताटातला वरणभात आधी येऊन गेलेल्या कोणा अनोळखी साधकाने दिलेला असतो आणि तो वाढणारा धम्मसेवकही पगारी नसतो, कधी काळी तुमच्याच जागी बसलेला साधक असतो. घनामदडाच्या ओट्यावर निजणाऱ्या भिक्खूची स्थिती हीच होती. म्हणून तिथे गेल्यावर जेवणाची चव, गादीची जाडी, न्हाणीघरातले गरम पाणी यांवर कुरकुर करणे मला मनापासून खटकते. पैसे मोजून राहणाऱ्या गिऱ्हाईकाचा तो हक्क आहे, दानावर राहणाऱ्याचा नाही.

ही रीत केंद्रांपुरती उरलेली नाही, हे मराठवाड्यात विशेष जाणवते. फुलंब्रीच्या वाटेवर चौक्याला लोकुत्तरा महाविहार आहे, तिथे भिक्खूंना प्रशिक्षण मिळते. 2019 च्या नोव्हेंबरात दलाई लामा जागतिक धम्म परिषदेसाठी आपल्या शहरात आले होते, नागसेनवनात. बाबासाहेबांनी 1950 साली स्थापन केलेले मिलिंद महाविद्यालय त्याच परिसरात आहे. आणि या मोठ्या नावांपलीकडे वस्त्यांमधले विहार आहेत. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तिथे संध्याकाळी बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन चालते. भन्ते मुक्कामाला असले तर भोजनदानासाठी घरे पाळ्या लावून घेतात. भन्ते मध्यान्हीनंतर जेवत नाहीत, म्हणून त्या घरची चूल भल्या सकाळी पेटते आणि अकराच्या सुमारास पाने मांडलेली असतात. कामावर जाणारी बाई रजा टाकून हे करते. घनामदडाने लेणे दिले, ही एक वेळचे जेवण देते. दोन्ही दाने मला सारख्याच तोलाची वाटतात.

वर्षावास संपला की अजिंठ्याचा हंगाम सुरू होतो. चित्रे जरूर पाहा. पण बाराव्या लेण्यात दहा मिनिटे द्या. ओट्यावर बसू नका, भिंतीवर हात फिरवू नका, दारातूनच पाहा. आणि शिबिराला नाव घातले असेल तर चुल्लवग्गातला निघणाऱ्या भिक्खूसाठीचा नियम बरोबर न्या: सामान जागच्या जागी लावावे, दारे-खिडक्या बंद कराव्यात, खोली कोणाच्या तरी स्वाधीन करून मगच निघावे.