बाळाचा दागिना तोंडात गेला तर?

संक्रांत आली की सदाशिव पेठेत घरोघरी बोरन्हाणाची तयारी सुरू होते. हलव्याचे दागिने होतात, आणि जवळच्या तुळशीबागेतून एखादं चमचमतं ब्रेसलेट किंवा पेंडंटही येतं. हलव्याचा हार बाळ चोखतं तेव्हा आपण कौतुकानं पाहतो. धातूचं पेंडंटही ते तितक्याच विश्वासानं तोंडात घालतं. काही स्वस्त नकली दागिन्यांत शिसं किंवा कॅडमियम असू शकतं, म्हणून दागिन्यांबद्दलच्या पुढच्या समजुती तपासायला हव्यात.

गैरसमज: दागिना अंगावरच तर असतो, त्यानं काय होतंय?

वस्तुस्थिती: धातूच्या रूपातलं शिसं त्वचेतून फारसं शिरत नाही, हे खरं. धोका आहे तो चोखण्यात आणि गिळण्यात. २००६ साली अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये ४ वर्षांचा एक मुलगा बुटांसोबत फुकट मिळालेलं बदामाच्या आकाराचं पदक गिळून दगावला. त्या पदकात ९९ टक्के शिसं होतं. जठरातल्या आम्लात शिसं विरघळतं. त्यामुळे मुलानं असं काही गिळलं तर ‘पडेल शौचावाटे’ म्हणून थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या.

गैरसमज: चकाकतंय आणि चुंबकाला चिकटत नाही, म्हणजे चांगलंच असणार.

वस्तुस्थिती: चकाकी मुलाम्याची असते आणि तो चावून, घासून उडतो. शिसं स्वस्त, वजनदार आणि ३२७ अंश सेल्सिअसला वितळणारं, म्हणून साच्यात ओतायला सोपं. चुंबकाला चांदी चिकटत नाही, तसं शिसंही चिकटत नाही.

गैरसमज: मुलांच्या वस्तूंना आयएसआय सक्तीचं आहे, मग काळजी कसली?

वस्तुस्थिती: १ जानेवारी २०२१ पासून ही सक्ती १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आहे. खूण नसलेला शोभेचा दागिना तपासलेलाच आहे, असं धरून चालू नका.

गैरसमज: सोन्याचा कस पाहणाऱ्या यंत्रासारख्या यंत्रानं सगळं कळतं.

वस्तुस्थिती: या यंत्रातले क्ष-किरण दागिन्यावर पडले की त्यातलं प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक ऊर्जेचे किरण सोडतं, त्यावरून शिसं आणि कॅडमियम ओळखता येतं. मात्र ही तपासणी पृष्ठभागाजवळची असते, जाड मुलाम्याखालचं निसटू शकतं. पक्क्या मोजमापासाठी प्रयोगशाळेत तुकडा आम्लात विरघळवावा लागतो.

गैरसमज: बाधा झाली तर मूल आजारी दिसेलच.

वस्तुस्थिती: शिसं गाजावाजा न करता मेंदूच्या वाढीवर घाला घालतं. पोटात गेलेलं शिसं लहान मुलांच्या अंगात मोठ्यांच्या चार-पाच पट शोषलं जातं. त्याची कोणतीही पातळी सुरक्षित मानलेली नाही, आणि ते कळतं रक्ततपासणीनंच.

म्हणून दुकानात एकच प्रश्न मनाशी विचारा: हे तोंडात गेलं तर चालेल का? उत्तर ठाऊक नसेल तर बाळाला हलव्याचेच दागिने घाला, आणि दाणा घशात अडकू नये म्हणून जवळ बसून राहा.