रस्ता कुणाचा? गाडीचा की माणसाचा?

धंतोली म्हणजे नागपूरची दवाखान्यांची वस्ती. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, पलीकडून बालाघाट-छिंदवाड्याची माणसे पेशंट घेऊन येथे येतात. पेशंट वर खाटेवर, नातेवाईक खाली रस्त्यावर. एका हातात डबा, दुसऱ्या हातात औषधाची चिठ्ठी. आणि फुटपाथवर मोटार उभी! मग त्या बाईने भर रस्त्यातून चालायचे आणि मागून हॉर्न वाजला की बाजूला उडी मारायची.

धंतोलीच्या रहिवाशांनी हा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत नेला. तरीही चर्चा होते ती पार्किंगचीच. पायी चालणाऱ्याचे काय?

आपल्यासाठी हा प्रश्न नवा नाही. 1924 साली वैकोमला सत्याग्रह झाला तो मंदिराभोवतालच्या रस्त्यावरून चालण्याच्या हक्कासाठी. 1927 साली बाबासाहेबांनी महाडला सार्वजनिक पाण्याचा हक्क बजावला. पुढे संविधानाच्या कलम 15 मध्ये विहिरी, तलाव यांच्यासोबत ‘रस्ते’ हा शब्दही आला. 14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, फुटपाथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क हा कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे. कागदावर हक्क आहे, धंतोलीत फुटपाथ कुठे आहे?

2011 च्या जनगणनेत देशातल्या शंभरात जेमतेम पाच कुटुंबांकडे मोटार होती. आता ती वाढली. आपल्याही घरासमोर गाडी आली, याचा आनंदच आहे. ॲम्ब्युलन्स हवी, म्हाताऱ्या पेशंटला दारापर्यंत गाडी हवी. विरोध गाडीला नाही, फुकट जागेला आहे. एका मोटारीला उभे राहायला साधारण साडेबारा चौरस मीटर जागा लागते. दोन मोटारींची झाली पंचवीस. प्रधानमंत्री आवास योजनेत गरिबाचे अख्खे घर तीस चौरस मीटरचे!

बाजारावर विश्वास ठेवणाऱ्यांना आमचा सवाल आहे : सगळ्याला भाव आहे, तर सार्वजनिक जमिनीवर उभ्या असलेल्या गाडीलाच भाव का नाही? समतेच्या गप्पा मारणाऱ्यांनाही सवाल आहे : चहावाल्याचा ठेला उचलला जातो, मोटार का उचलली जात नाही? ठेलेवाल्याच्या बाजूने तर 2014 चा कायदा आहे. दोन्ही झेंडे या एका प्रश्नावर एकत्र येऊ शकतात.

दाट वस्ती वाईट नाही. दवाखाना, औषधाचे दुकान, धर्मशाळा, खानावळ पायी अंतरावर असेल तर गरिबाचा ऑटोचा पैसा वाचतो. 2019 पासून मेट्रो धावते, काँग्रेसनगरचे स्टेशन धंतोलीला लागूनच आहे. पण स्टेशनातून उतरून दवाखान्यापर्यंत धड चालता आले नाही, तर ती मेट्रो कुणासाठी?

1 जुलै 2024 रोजी दीक्षाभूमीवर भूमिगत पार्किंगविरुद्ध समाज उसळला आणि त्याच दिवशी कामाला स्थगिती जाहीर झाली. त्या भूमीवर दरवर्षी लाखो माणसे पायी येतात, हे योजना आखणाऱ्यांनी आधी पाहायला हवे होते.

म्हणून मागणी साधी आहे. धंतोलीच्या प्रत्येक रस्त्यावर किमान 1.8 मीटर मोकळा फुटपाथ. दवाखान्यांनी आपल्या तळघरातले पार्किंग पार्किंगसाठीच वापरावे. रस्त्यावरच्या पार्किंगला शुल्क, आणि तो पैसा फुटपाथवर खर्च. नगरसेवक मत मागायला दारात येईल, तेव्हा त्याला आधी धंतोलीतून पायी चालवा. मग बोला!