खोली, शेजार आणि बाजाराची वाट

कामासाठी देगलूर सोडून हैदराबाद, मुंबई गाठणाऱ्याला खोली तर लागतेच. पण इफ्तारला हाक मारणारा शेजारीही लागतो. इ.स. ६२२मध्ये मक्का सोडून मदिनेत आलेल्या मुहाजिरांना अन्सारांनी भाऊ मानले. बेघरांसाठी मशिदीलगतच 'सुफ्फा' हा छपराचा ओटा होता. हजरत सअद बिन रबी (रजि.) अर्धी संपत्ती देऊ लागले, हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी फक्त बाजाराची वाट विचारली.

मुंबईत १९२०च्या दशकातल्या बीडीडी चाळींत खोली १६० चौरस फुटांची, पण सामाईक व्हरांड्यात शेजार मिळे. आज स्वस्त घरे बहुधा शहराबाहेर, बाजारापासून लांब उभी राहतात. तिथून मजूर अड्ड्यावर पोचायचे भाडे देगलूरच्या माणसाच्या मजुरीतूनच जाते.